ज्यानं ठेवलं, त्यानं सांगावं

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकला की माझ्या हातांना खाज सुटते. पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मागे सगळ्या तपासण्या करून घेतल्या, साबण बदलायला लावला, शेंगदाणे बंद केले. मी मुकाट्यानं सगळं केलं. त्यांना काय सांगणार, की बाई, ही कापसाची खाज आहे, आणि तो कापूस इथून शेकडो मैलांवर, नेरजवळच्या एका खेड्यात, माझ्या आईच्या घरात भरलेला आहे?

यवतमाळकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे वेचलेला कापूस लगेच विकत नाहीत. भाव चढेल या आशेवर तो भरून ठेवतात, आणि गोदामात नव्हे, राहत्या घरात. पहिल्या वेच्याचा कापूस समोरच्या खोलीच्या कोपऱ्यात नव्या जावयासारखा अंग चोरून बसतो. दुसऱ्या वेच्याला तो भिंतीला पाठ लावून पाय पसरतो, आणि संक्रांत येईस्तोवर घराचा मालकच होतो. मग बाजा सैपाकघरात सरकतात, टीव्ही धान्याच्या कोठीवर चढतो, भिंतीवरचं कॅलेंडर कापसामागे जातं आणि चतुर्थी कधी आहे ते शेजारी जाऊन विचारावं लागतं. कापसाच्या त्या गंजीत, ढिगात, बारीक किडे असतात, ते चावतात. पण थंडीच्या दिवसांत तीच खोली उबदार असते. ऊन, धूळ आणि सरकीचं तेल यांचा मिळून एक वास तिथे भरून राहतो. लहानपणी मी आणि दादा त्या गंजीवर उड्या मारायचो आणि बाबांच्या शिव्या खायचो.

आमचं घर काही मोठं नाही. समोरची खोली, मधघर आणि सैपाकघर, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या तीन खोल्या. वर टिनं, मागे परसात एक कडुनिंब. या घरात आईला डोळ्यांनी शेवटचं नेमकं काय दिसलं, ते तिलाही सांगता येत नाही. काचबिंदूनं हळूहळू कडेकडेनं सगळं खाल्लं. आधी उंबरठा गेला, मग माणसांचे चेहरे गेले, शेवटी फक्त दाराचा उजेड राहिला. वर्षातले आठ महिने तिचं काही अडत नसे. चूल, माठ, देवाचा कोनाडा, सगळं जिथल्या तिथे. अडचण कापसाच्या दिवसांत. घर रोज थोडं थोडं बदलायचं, आणि तिला कळायचं नाही.

त्यावर बाबांची एक रीत होती. रीत म्हणण्याएवढंही त्यांनी तिचं कधी कौतुक केलं नाही. वेचलेला कापूस खोलीत रिता झाला की ते हाक मारायचे, "अवं, ये इकडं. आता गंजी इथून सुरू होते. लाव हात." आणि तिचा हात धरून गंजीच्या कडेवर ठेवायचे. झालं. एकदा मी म्हटलं, "बाबा, सरळ पावलं सांगून टाका ना. दारापासून एवढी आणि भिंतीपासून तेवढी."

"माही पावलं तिच्या कोन्या कामाची?" बाबा म्हणाले. "तिचे पाय, तिचं माप."

आई मग त्या कडेला हात लावत खोलीत एक फेरी मारायची, परत जागेवर यायची आणि म्हणायची, "बसलं." म्हणजे घर पुन्हा तिच्या डोक्यात नीट बसलं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत काळजी नाही.

बाबा गेले ते वैशाखात. अंगणात बसल्या बसल्या गेले, कोणाला काही करायची संधी न देता. तेव्हा शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, नव्हती आणि घरात कापूस नव्हता. दादा नागपूरला असतो. त्यानं तेराव्यालाच ठरवून टाकलं की आईला घेऊन जायचं. आईनं कापसाचं कारण पुढे केलं. पेरलं तर पाहिजे, वेचलं तर पाहिजे. शेवटी असं ठरलं की एवढा एक हंगाम होऊ द्यावा. मी घरून काम करते, तर हंगामाचं मी पाहावं. उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटचा वेचा होऊन शेत मोकळं झालं, की दादा गाडी घेऊन येईल आणि आईला नेईल. दादाचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. एकट्या आंधळ्या बाईला खेड्यात ठेवून शहाणं माणूस सुखानं झोपू शकत नाही.

"तिथं त्याच्या घरी सगयं चांगलं हाय," आई मला म्हणाली होती. "सून चांगली, पोरं चांगली. पन शालू, इथं मी आंधयी नाई व. तिथं होईन."

म्हणून ती दिवाळी, तो पौष आणि तो माघ मी आईबरोबर काढला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत एकटा हंगाम. घरात आम्ही दोघी होतो, आणि दोघी आपापल्या जागी एकेकट्या होतो. बाबांच्या खोकल्याची वाट पाहत दोघी पहाटे जाग्या व्हायचो आणि एकमेकींना झोपल्याचं दाखवायचो.

पहिल्या वेच्याआधी सीतादही करायची असते. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दगड धुऊन मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, पहिलं फुटलेलं बोंड ठेवायचं आणि दहीभात पऱ्हाटीवर शिंपडायचा. त्याशिवाय कापसाला हात लावत नाहीत. दरवर्षी बाबा आईला हाताला धरून ओळीतून न्यायचे. त्या वर्षी मी नेलं. तुरीला पिवळा फुलोरा आला होता, सकाळच्या धुईनं पानं ओली होती. आईनं दहीभात शिंपडला आणि रिकामी वाटी सवयीनं डावीकडे पुढे केली. बाबा नेहमी तिच्या डावीकडे उभे राहायचे. मी उजवीकडे होते. मी वळसा घालून डावीकडे गेले आणि वाटी घेतली.

नेटवर्क फक्त परसातल्या कडुनिंबाखाली मिळायचं. तिथे खुर्ची टाकून मी माझी नोकरी करायचे. माझं काम काय, हे गावात कोणाला सांगता आलं नाही आणि पुण्यातही फारसं येत नाही. एका मोठ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरनं अनेक आभासी संगणक तयार करतात. त्यातल्या प्रत्येकाला वाटतं आपण खरेखुरे, स्वतंत्र यंत्र आहोत. असा संगणक सुरू झाला की त्यात सर्वांत आधी जागा होतो तो एक छोटा प्रोग्राम, फर्मवेअर. मागून उठणाऱ्या मोठ्या प्रणालीला त्यानं सांगायचं असतं की बाई, तुझ्या घरात काय काय आहे: प्रोसेसर किती, कोणती जागा भरलेली, कोणती रिकामी, बंद करायचं बटण कुठे. हे सगळं तक्त्यांत लिहिलेलं असतं. ती प्रणाली स्वतः चाचपून फारसं पाहत नाही. तक्त्यात जे लिहिलं तेच तिचं घर. तक्त्यात नाही ते तिच्यापुरतं जगातच नाही.

आमच्या टीममध्ये त्या हंगामात भांडण चाललं होतं ते याच तक्त्यांवरून. तोवर फर्मवेअर जागं झालं की स्वतःच अंदाजानं चाचपून तक्ते बनवायचं. त्यातही आमच्याकडे फर्मवेअर दोन, एक जुनं आणि एक नवं, आणि दोघांचे तक्ते वेगवेगळे. हे आभासी यंत्र मांडणाऱ्या बाहेरच्या सॉफ्टवेअरनं त्यात एखादी जागा वाढवली की दोन्हीकडे जाऊन बदल करायचा. एकीकडे विसरला की तेच यंत्र इथे चालायचं आणि तिथे अडकून बसायचं. काही जणांचं म्हणणं होतं की ज्यानं यंत्र मांडलं, त्या बाहेरच्या सॉफ्टवेअरनंच तक्ता बनवावा. काय कुठे ठेवलं ते त्यालाच ठाऊक. फर्मवेअरनं तो फक्त घ्यावा आणि पुढे द्यावा. बंगळूरचा जोसेफ, पंधरा वर्षं फर्मवेअरच लिहीत आलेला, यावर खवळायचा. "मग आमचं फर्मवेअर काय, पोस्टमन?" माझा माइक बंद असायचा. वर कावळे ओरडत असायचे, आणि खरं सांगायचं तर माझंही मत जोसेफसारखंच होतं. आपल्या घराची यादी आपण करावी, दुसऱ्यानं कशाला?

आईसाठीही मी तेच करत होते. सकाळी उठून तिन्ही खोल्या फिरायचे आणि तिला सांगायचे, "आई, समोरची खोली भरली. मधघर मोकळं आहे. तुझी वाट भिंतीकडून." तिला घाईनं सांगायचं आणि कडुनिंबाखाली मीटिंगला पळायचं. आई "हो" म्हणायची. "बसलं" म्हणत नव्हती, हे मला तेव्हा जाणवलं नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या डोक्यातून निघत नव्हती. मधघरात बाबांची बाज असायची. मी ती उचलून परसातल्या टिनाच्या शेडमध्ये ठेवली होती आणि आईला तसं सांगितलंही होतं. तरी ती सैपाकघरातून येताना त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जायची. कमरेत किंचित वळायची, बाजेच्या लाकडी गाताला पदर अडकू नये म्हणून तो सावरायची आणि पुढे व्हायची. आमच्या धंद्यात याला दोष म्हणतात. जे यंत्रात नाही ते तक्त्यात राहून गेलं की प्रणाली त्या जागी हाक मारते, उत्तराची वाट पाहते, पुन्हा हाक मारते, आणि मग कधीतरी नाद सोडून पुढे जाते. असा दोष दिसला की तो काढायचा असतो. मला काढवला नाही. वेचणाऱ्या बायांनी "इथं टाकू का कापूस?" असं विचारलं की मी नको म्हणायचे.

मग ती दुपार आली. आभाळ भरून आलं होतं, आणि वेचलेला कापूस भिजला तर काळा पडतो. बाया शेतातून गाठोडी घेऊन धावत आल्या. समोरची खोली भरलेली होती, म्हणून त्यांनी मधघरात, दारालगतच, सगळी गाठोडी रिकामी केली आणि उरलेला आणायला पुन्हा पळाल्या. मी कडुनिंबाखाली तक्त्यांचा वाद ऐकत होते. आई सैपाकघरातून निघाली. सकाळी मी सांगितलेलं मोकळं मधघर तिच्या डोक्यात होतं.

कापसात पडलं की लागत नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं, ती ओरडली तरी असती. मी पाणी प्यायला आत आले तेव्हा ती कंबरेपर्यंत कापसात बसली होती. केसांत कापूस, पदरावर कापूस. दोन्ही हात पुढे करून ती कड शोधत होती, आणि हाताखाली जे येई ते दबून जाई. कापसाला कुठे कड असते?

"शालू," माझी चाहूल लागताच ती म्हणाली, "हे कोनाचं घर हाय व?"

मी तिला उठवलं, तोंड धुतलं, चहा केला. ती केसांतला कापूस वेचत राहिली. संध्याकाळी म्हणाली, "दादाले फोन लाव. येईन म्हना त्याले. उलंगवाडीचीई वाट नको पाहू म्हना."

मी म्हटलं, "रेंज नाही आई." आमच्या गावात हे कारण कोणीही मानतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेचायला आलेल्या बायांना मी झालेलं सांगितलं. त्यांच्यातली चांदीबाई जवळच्या तांड्यावरची. ती आईला याडी म्हणते. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिनं डोक्याला हात लावला. "अवं माय! भाऊजी होते तवा आमी टाकत होतो अन् ते सांगत होते. आमाले वाटलं आता तू सांगून राह्यली." 

"मी सकाळी सांगते," मी म्हटलं.

"पन सकायी तुले काय मालूम, दुपारी आमी कुठी टाकनार हाओत?"

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. तेव्हाच कधीतरी ठरलं की जी बाई गाठोडं रितं करील, तिनंच आईला सांगायचं. मधे मी नाही. त्या दिवसापासून बाया कापूस टाकायच्या आणि आईचा हात धरून गंजीच्या कडेवर नेऊन ठेवायच्या, "याडी, इथून सुरू होते", "काकू, इथं संपते". कड ढासळू नये म्हणून चांदीबाईनं खाली जुन्या साड्यांची वळकटी लावली. आई फेरी मारायची. चारेक दिवसांनी मला बाहेरून तिचा आवाज ऐकू आला, "बसलं." मी मीटिंगमध्ये होते. माइक चुकून चालू होता, आणि माझं रडणं बंगळूरपर्यंत गेलं. जोसेफनं अत्यंत सभ्यपणे विचारलं की माझ्याकडे पाऊस पडतोय का.

आईच्या घरावरून मला ऑफिसातलं उत्तर सापडलं, असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल, पण ते खोटं होईल. तो वाद माझ्यावाचूनच मिटत आला होता. मी फक्त बाजू बदलली आणि जोसेफला एकच मुद्दा सांगितला. बाहेरचं सॉफ्टवेअर तक्ता बनवील, पण यंत्राच्या आत तो कुठल्या पत्त्यावर बसेल हे त्याला ठाऊक नसतं. ते तिथे मोकळी जागा सोडतं. फर्मवेअरनं तक्ता आपल्या हिशेबानं मांडायचा, मोकळ्या जागांत खरे पत्ते भरायचे, मग पडताळ्यासाठी तक्त्यातले सगळे आकडे मिळवून बेरीज शून्य येते ना ते पाहायचं, आणि मगच पुढे द्यायचा. हे पोस्टमनचं काम नाही. ज्याचे पाय त्याचं माप, असं मला म्हणायचं होतं. इंग्रजीत ते नीट म्हणता आलं नाही. तरी जोसेफ म्हणाला, "ठीक आहे, हे मी लिहीन." आणि त्यानं ते लिहिलं, उत्तम लिहिलं.

उलंगवाडी झाली. शेतात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या, आणि घरात पुढच्या दोन्ही खोल्यांत छातीएवढ्या गंज्या. मधून एक माणूस जाईल एवढी गल्ली. दादा ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आला. ओट्यावरून आत पाऊल टाकलं आणि थबकला.

"असाच सीधा नको येऊ," आई आतून म्हणाली. "डाव्या हाताले गंजीची कड हाय, ते धरून ये. उंबरठ्यापाशी खाली वाक, वर गाठोडं टांगलं हाय."

दादा वाकला. आईनं चहा केला, आणि भरलेला कप घेऊन ती त्या गल्लीतून वळणं घेत त्याच्यापर्यंत आली. थेंब सांडला नाही. दादा कपाकडे पाहत राहिला. मग त्यानं खांद्यावरची बॅग काढली आणि मधघरातल्या एकुलत्या मोकळ्या जागेवर ठेवायला गेला.

"तिथं नको," आई पटकन म्हणाली. "तिथं बाबाची बाज..."

आणि थांबली. तिला ठाऊक होतं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्या मनात ज्याला मी दोष म्हणत होते, तो तिनं जाणूनबुजून ठेवलेला होता. दादानं बॅग उचलली आणि मांडीवर घेऊन बसला. जाताना मला एवढंच म्हणाला, "पुढच्या वर्षी पाहू." गाडीत त्यानं आईसाठी मागच्या सीटवर उशी आणून ठेवली होती, ती तशीच परत गेली.

त्याला आता काही वर्षं झाली. "पुढच्या वर्षी पाहू" हे दादा दरवर्षी म्हणतो आणि आई हो म्हणते. शेत चांदीबाईच्या घरचे बटईनं, म्हणजे वाट्यानं, करतात. कापूस मात्र आमच्याच घरात भरला जातो, तो आईचा हट्ट. चांदीबाईची सून रात्री सोबतीला येते. मी पुण्याला परत आले. माझा फ्लॅट दोन खोल्यांचा आहे. सकाळी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलेला कप संध्याकाळी ओट्यावरच असतो. टॉवेल जिथे टाकला तिथे. या घरात काही हलवणारं दुसरं कोणी नाही, त्यामुळे मला कोणी काही सांगायचीही गरज नाही. बाबांच्या नंतरचा तो हंगाम एकटा होता असं मी वर म्हटलं, पण तेव्हा निदान दर दुपारी घर बदलत तरी होतं.

पहिली दोन वर्षं मी हंगामात रजा काढून गेले. मागच्या वर्षी जमलं नाही. यंदाही नाही, नवी आवृत्ती निघायची आहे. हे आईला सांगायला काल फोन केला, तर तिनं मला बोलूच दिलं नाही. तिला घर सांगायचं होतं. कापसाच्या दिवसांत ती फोनवर मला रोज घर सांगते, कुठे काय आलं, कुठली वाट बुजली. मी पुण्याच्या खिडकीत उभी राहून ऐकते.

"समोरची खोली भरली व. कड उजव्या हाताले हाय यंदा. मधघरात बाबाच्या जाग्यावरही टाकाले लावला कापूस. जागा किती दिवस खाली ठेवाव? ते काई येत नाईत आता. तुही बाज खिडकीपाशी लावली. तिच्या भवताल मोकयं ठेवलं. सगयायले सांगून ठेवलं, तिथं कोनी टाकजो नोका."

मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. म्हटलं, "हो आई."

"बसलं का?" तिनं विचारलं.

"थांब," मी म्हणाले.

मी डोळे मिटले. आईच्या घराच्या ओट्यावर चढले, उजव्या हातानं कड धरली, उंबरठ्यापाशी वाकले. मधघरात जिथे आईसारखा मीही नेहमी वळसा घालायचे तिथे आता गंजी होती. तिला लागून सरकत सरकत खिडकीपाशी आले. कुठे अडखळले नाही. बाज जागेवर होती, भोवती मोकळं होतं, आणि तिच्यावर कोणी नव्हतं.